उलटा आटा

आळेफाटा
३ ऑक्टोबर २००४

द्रौपदा,

तुला आणि पोपटरावांना जयभीम. फोन करता आला असता, पण बूथवर मागे रांग उभी असते आणि हे रांगेसमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून लिहितो आहे. वाचताना खाली बसून वाच.

काल दुपारी माझ्या लेथसमोर टेम्पो थांबला. त्यात एक रेसची मोटरसायकल होती, परदेशी, मागचं चाक काढलेलं. बरोबर पोत्यात गुंडाळलेला एक चिमटा. मोटरसायकलचं मागचं चाक दोन्ही अंगांनी धरणारा जो भाग असतो त्याला आम्ही चिमटा म्हणतो, ते तुला माहीत आहे. याला मात्र एकच पाय होता. चाक डावीकडून धरायचं, उजवी बाजू सगळी उघडी. उजवीकडे मधोमध एकच मोठा नट, चहाच्या बशीएवढा. तो नट आहे तोवर चाक आहे. मुंबईच्या भंगारातून आणलेला माल. एक्सलचे आटे झिजून गेलेले, नट हरवलेला, नट अडकवायची कंपनीची क्लिपही नाही. नवा एक्सल आणि नवा नट करून हा चिमटा गाडीला बसवून द्यायचा, असं काम.

ट्रकवाले जमले. एक म्हणाला, "आवो मिस्त्री, चिमट्याला येकच पाय? भाकर कशी उचलायची यानं?" सगळे हसले. मीही हसलो. मग टेम्पोतून मालक उतरला आणि माझं हसू तिथंच राहिलं.

तो ऋषी होता.

खेडच्या कोर्टात अकरा तारखांना मी तुझ्या मागच्या बाकावर बसलो. त्याची मान, त्याचे कान मला पाठ आहेत. त्याने मागे वळून एकदाही पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याने मला ओळखलं नाही. मला "मिस्त्री" म्हणाला. "आटा सरळच पाड, मिस्त्री. चाक उजव्या अंगाला हाय. ट्रकलाबी उजवीकडं सरळच असतोय." ट्रकवाल्यांनी माना डोलावल्या.

मी आठ दिवसांनी या म्हणालो. तो गेल्यावर पान्हा घ्यायला ड्रॉवर उघडला, तर राकेशने केलेला बाणाचा पंच हाताला लागला. आठवतं ना, उलट्या आट्याच्या नटावर कुठं फिरवायचं ते ठोकण्यासाठी त्याने तो स्वतः घासून केला होता? "मामा, गिऱ्हाईक चुकलं नाय पायजे," म्हणायचा. ड्रॉवर बंद केला.

संध्याकाळी वंदनेला बसलो. प्राणिहत्या न करण्याच्या पहिल्या शीलापाशी आलो आणि तिथूनच उठलो. हे काम मी करू की नको, ते मला कळत नाही. तुझ्यापासून लपवणं मात्र बरं वाटलं नाही.

तुझा
सावळेराम


घोडेगाव
९ आक्टोबर २००४

दादा,

पत्र मिळालं. खाली बसून वाचलं. मंग उठता आलं न्हाई.

तू विचारतो काम करू का नको. दादा, तू माज्या लेकराचं तोंड शेवटी पाह्यलं का? तुला आत येऊ दिलं नव्हतं. मी पाह्यलंय. त्यानं याची गाडी मागं टाकली आन हसला, एवढाच गुन्हा. घोड नदीच्या पुलापाशी तिघांनी आडवला. दोघांनी हात धरले आन या ऋषीनं गाडीची चेन मनगटाला गुंडाळून तोंडावर मारली. जबडा एका बाजूला लोंबत व्हता. एक डोळा व्हताच कुठं. खाली पडला तर पान्ह्यानं गुडघे फोडले, म्हनला, आता हाण गिअर. तीन दिवस माजं पोरगं नळीतनं श्वास घेत व्हतं आन त्या नळीत रक्ताचे बुडबुडे येत व्हते. मी मोजत बसायची. एक आला की पुढचा येतोय का.

साक्षीदार फिरले. साहेब म्हनले पुरावा न्हाई. हा सुटला आन कोर्टाच्या पायरीवर त्याला पेढा चारला त्याच्या चुलत्यानं. तू बी व्हता तिथं. तू माजा हात धरून मला बाजूला नेलं. मला त्या दिवशी तुजा लई राग आलता दादा, आज सांगते.

आता तो चालत तुज्या दारात आलाय. मी कुठं गेले न्हवते त्याला बोलवायला.

मी लगीन व्हायच्या आदी तुज्या लेथवर डबा घेऊन यायची. नाशिकच्या एका ट्रकचं चाक निसटलं व्हतं, चाकाखाली क्लीनर गेला. तू तो बोल्ट हातात घेऊन म्हनला व्हता, कुनीतरी उलट्या आट्याचा घातलाय, म्हनून चाक निघालं. मी विसरले न्हाई.

उलटा आटा पाड दादा. दुसरं काई मागत न्हाई. राकेशच्या नावानं जेवन घातलं तवा तू म्हनला व्हता, मामा म्हनून माजं काय ते सांग. हे सांगते.

यांना पत्र दाखवलं न्हाई. हे अजून जेवताना राकेशचं ताट वाढायला सांगत्यात.

द्रौपदा


आळेफाटा
२४ ऑक्टोबर २००४

द्रौपदा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचवलं नाही.

काम हातात घेतलं. एक्सलसाठी ट्रकचा जुना शाफ्ट कापला, त्याचं लोखंड सगळ्यात कणखर असतं. तीन दिवस लेथवर होता. चिमट्याचं भोक गाडीच्या सांगाड्याला जुळत नव्हतं, दोन्ही बाजूंनी बुश करून घातले. साखळी सरळ रेषेत यायला चाक पाच सूत आत घ्यावं लागलं. हे तुला कशाला सांगतो? हात काय करत होते ते सांगणं सोपं आहे, म्हणून.

तो मधे दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा एका ट्रकचा क्लीनर, सोपान नावाचा, गाडीच्या टाकीवरून हात फिरवत उभा होता. नुसता कौतुकाने. ऋषीने काही न बोलता हेल्मेट उलटं धरलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. सोपान खाली बसला. तोंडातून दोन दात आणि रक्ताची लाळ त्याच्या स्वतःच्या ओंजळीत पडली, आणि तो ते दात पाहत राहिला. ऋषी म्हणाला, "आता लावशील हात? माझ्या गाडीला हात लावनाऱ्याचं काय व्हतं, मंचरात इचार." ट्रकवाले इतके जण, कुणी जागचं हललं नाही. मीही नाही. माझ्या हातात दीड किलोचा हातोडा होता, आणि त्याची कवटी माझ्यापासून एक हातावर होती. मी हातोडा नव्हे, कपडा उचलला आणि टाकीवरचं सोपानचं रक्त पुसलं.

परवा काम संपलं. सरळ आटा पाड म्हणाला होता. मी उलटा पाडला आहे.

याहून जास्त पत्रात लिहीत नाही. तू जेवत जा. पोपटरावांना सांभाळ.

सावळेराम


घोडेगाव
७ नोव्हेंबर २००४

दादा,

तुजं पत्र मी पदरात बांधून ठेवलंय. आंघूळ करतानाच तेवडं सोडते.

त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. दीड वर्षात पहिल्यांदा. हे म्हनले, काय गं, काय झालं? म्हनलं, भूक लागली.

आता रोज सकाळी यष्टी आली की वाहकाला विचारते, रस्त्यानं काय आपघात दिसला का. तो म्हनतो, मावशी, तुमी सकाळ सकाळ काय आपशकुनी विचारता? मी हसते. मला दिसतंय दादा. चाक एकीकडं, गाडी एकीकडं, आन हा डांबरावर तोंड घासत चाललाय. दात, नाक, गाल, सगळं मागं सांडत. ते बघत बघत मी तांदूळ निवडते.

पन अजून झालं न्हाई. किती दिवस लागत्यात? तू नीट पाडलाय ना?

एक सांगू का. ते दिसतंय तवा बरं वाटतं. आन ते संपलं की राकेश दिसतो, तो माज्याकडं बघत न्हाई. तोंड फिरवून उभा ऱ्हातो.

द्रौपदा


आळेफाटा
२१ नोव्हेंबर २००४

द्रौपदा,

माझ्या हातून एक खोटं झालं आहे. शब्द खरे होते, पण तू ते कसे वाचशील हे मला माहीत होतं, आणि तुला तसंच वाचू दिलं. तू जेवावंस म्हणून. तुझं मागचं पत्र आल्यापासून माझंच जेवण उतरत नाही.

नीट ऐक. उलटा आटा म्हणजे खोटा आटा नव्हे; तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून आवळायचा, एवढंच. ट्रकच्या डाव्या चाकांना तो मुद्दाम असतो आणि उजव्या चाकांना सरळ. त्या नाशिकवाल्या ट्रकला तो चुकीच्या बाजूला बसवला होता, म्हणून चाक गेलं. ट्रकला बाहेरच्या गोलावर आठ-दहा छोटे नट असतात. या चिमट्याला मधोमध एकच मोठा. तिथे हिशेब फिरतो. माझा स्वतःचाही आधी विश्वास बसला नाही, म्हणून मी तुझ्या वहिनीची, प्रयागची बांगडी घेतली, बोटात घालून बोट गोल गोल फिरवलं आणि बांगडी कुठल्या बाजूला सरकते ते पाहत बसलो. प्रयाग म्हणाली, "या वयात बांगड्यांशी खेळताय व्हय?" पुन्हा पुन्हा फिरवलं. बोट एकीकडे फिरतं, बांगडी हळूहळू उलटीकडे सरकते. उजव्या अंगाला मधला नट असेल, तर सरळ आटा चालता चालता सुटतो आणि उलटा आवळत जातो.

म्हणजे त्याने सांगितलं तसं मी केलं असतं, तर तुझं काम झालं असतं. सरळ आटा पाड, असं तो दहा ट्रकवाल्यांसमोर म्हणाला होता. मला कुणी बोट लावलं नसतं. नुसतं सांगितल्याप्रमाणे वागायचं होतं. सरळ आट्याचं हत्यार लेथवर लावलं, मशीन सुरू केली, आणि ते लोखंडाला टेकायच्या आधी बंद केली. सोपानचे दात डोळ्यांसमोर होते, राकेशचं तोंड तर मी पाहिलेलंच नाही आणि तरी समोर होतं. हे सगळं असूनही हात पुढे गेला नाही. ही भीती असेल, शील असेल, की नुसती तीस वर्षांची सवय असेल, खराब काम दारातून बाहेर न सोडण्याची. मला सांगता येत नाही.

कंपनीची क्लिप नव्हती, म्हणून आटे मुद्दाम जड ठेवले. नट पहिल्या आट्यापासून शेवटपर्यंत पाईप लावूनच फिरतो, सैल असा कुठेच जात नाही. ते चाक निघणार नाही, द्रौपदा. तू वाट पाहू नकोस. बाकी सगळं रीतसर केलं आहे.

माझ्यावर थुंक, पण जेवण सोडू नकोस.

सावळेराम


घोडेगाव
२१ नोव्हेंबर २००४

दादा,

मला माफ कर. तू माज्यासाठी येवडं पाप डोक्यावर घेतलं आन मी आज ते मोडलं.

आज बाजारासाठी मंचरला गेले व्हते. यष्टी स्टँडासमोर रसाच्या गाड्यापाशी तो उभा. तीच गाडी. टाकीवर एक पोरगी बसलेली, पाच-सहा वर्सांची, लाल रिबनी. त्याच्या थोरल्या भावाची आरोही म्हनून हाय, रसवाला हाक मारत व्हता. मी लांबून त्या चाकाकडं बघत उभी ऱ्हायले. तर ती पोरगी मला वरडली, "ओ आजी! तुमची पिशवी फाटलीय, वांगी पडत्यात!" आन टाकीवरनं उतरून पळत आली, माजी वांगी येचून माज्या वटीत घालाय लागली. एक वांगं तिनं फ्रॉकला पुसलं बी.

दादा, मला त्या चाकाचं सगळं दिसलं. पन आता त्यात लाल रिबनी व्हत्या.

मी गेले त्याच्याकडं. माज्या लेकराला मारनाऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हनलं, "मागच्या चाकाचा नट सुटनार हाय. पोरीला बसवू नगं." तो बघत ऱ्हायला. मंग म्हनला, "तू त्या राकेशची आई ना गं?" आन कानाखाली मारली. मी खाली पडले तर पोटात लाथ घातली. "कुनी सांगितलं? बोल. कुनी हात लावला माज्या गाडीला?" मी तुजं नाव घेतलं न्हाई. म्हनलं, "माजं मन म्हनतंय." आनिक दोन लाथा घातल्या. पोरगी रडाय लागली, "काका नको, आजीला मारू नको."

पन तो भ्याला दादा. म्होरच्या गॅरेजमधनं त्यानं मोठा पान्हा आन पाईप आनला. गॅरेजवाला पुढं आला, तर त्याला म्हनला, "व्हय मागं, मी करतो." नटाला लावला आन दोन्ही हातांनी घड्याळाच्या काट्यासारखा आवळला. लई जोर लागला. चार फेरे बसला दादा, चार! घामाघूम झाला. म्हनला, "बग थेरडे, कसा दाबून बसवला." मंग पोरीला वळखीच्या जीपमधी बसवून घरी धाडली आन एकटा गेला नारायनगावच्या बाजूला.

मी रस्त्यातच बसून व्हते. तोंडात रक्त व्हतं, आन सांगू का, मला हलकं वाटत व्हतं. म्हनलं, घट्ट झाला. सुटला तो बी आन मी बी.

घरी येऊन लगेच लिहायला बसले. राकेशच्या तोंडाकडं आज बघीन म्हनते.

तुजी
द्रौपदा


आळेफाटा
१६ जानेवारी २००५

द्रौपदा,

अक्षर सांभाळून घे. डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्या हाताचं पुढे कळेल.

आपली दोन्ही पत्रं एकाच दिवशी निघाली. माझं तुला मिळालं तेव्हा तू काय केलं असशील, ते पोपटरावांच्या फोनवरून कळलं. तू बोलत नाहीस म्हणाले. आता मी बोलतो, तू ऐक, आणि शेवटपर्यंत ऐक.

एकलहऱ्याच्या पुढे, मंचरपासून फार लांब नाही. वाटाण्याची पोती घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याने पाहिलं. त्या नटाला साडेसहा आटे होते. चार त्याने स्वतःच्या हाताने उकलले. आटे नवे आणि जड, त्यामुळे उकलतानाही आवळल्यासारखेच लागले. ते जडपण माझं. उरलेल्या अडीच आट्यांवर तो शंभरच्या पुढे गेला आणि ते सोलून निघाले. चाक शेतात गेलं. चिमट्याचा तो एक पाय डांबरात रुतला आणि गाडी त्याच्या अंगावरून उलटली. हेल्मेट कोपराला अडकवलेलं होतं. तू जे तांदूळ निवडताना पाहत होतीस, तसंच झालं, तंतोतंत. मी तुला सांगतो आहे ते दुखवायला नाही. दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकशीलच.

दोन दिवसांनी त्याचा चुलता आणि पाच जण माझ्याकडे आले. गजांनी लेथ फोडला. मला धरून उजवा हात लेथवर ठेवला आणि माझ्याच दीड किलोच्या हातोड्याने एक एक बोट. चुलता दर वेळी म्हणत होता, "ह्याच हातानं केलं ना रं?" मी प्रत्येक वेळी हो म्हणालो. चौथ्या बोटानंतरचं आठवत नाही. सोपान माझ्यावर आडवा पडला म्हणून अंगठा राहिला. दोन दात गेलेला तो पोरगा.

बोलणं सोडण्याआधी तू पोपटरावांना एवढंच म्हणालीस की तुझ्या तोंडानं तो मेला. नाही, द्रौपदा. तू त्याला वाचवायला गेलीस, मार खाऊन. मेला तो माझ्यामुळे. आणि आटा उलटा होता म्हणून नाही. तो आटा बरोबरच होता.

मागच्या पत्रात "बाकी सगळं रीतसर केलं" असं लिहिलं होतं. ते खोटं. उलट्या आट्याच्या नटावर बाण ठोकून दिल्याशिवाय माझ्या लेथवरून आजवर एक नट गेलेला नाही. त्या दिवशी पंच काढला. नट शिकंज्यात धरला. हातोडा उचलला. आणि वाटलं, राकेशने स्वतः घासलेला बाण राकेशला मारणाऱ्याला वाट दाखवणार? पंच खिशात टाकला. ऋषी गाडी न्यायला आला, तेव्हा तोंडानेही सांगितलं नाही. सरळच आहे असं तो धरून चालला होता आणि मी पाहत उभा राहिलो. मी स्वतःला म्हणालो, चाक तर निघणार नाही ना, मग झालं. पण मनात एक बारीक जागा होती, द्रौपदा. तिथे मला ठाऊक होतं की कधी ना कधी कुणीतरी तो नट आवळायला जाईल.

परवा हवालदार आले. त्यांना नट शेतात सापडला होता, मातीने भरलेला. म्हणाले, "मिस्त्री, हा उलटा निघाला. पोराला सांगितलं होतं का?" मी नाही म्हणालो. माणूस भला. माझ्या हाताच्या बँडेजकडे पाहून म्हणाले, "कामाच्या गडबडीत इसरला असाल. होतं असं." आणि जबाबात लिहूनही टाकलं, सांगायचे विसरलो. खाली अंगठा द्या म्हणाले.

मी पेन मागितलं. त्यांनी विचारलं, डाव्या हातानं येतं का लिहायला? म्हटलं, आजवर कधी लिहिलं नाही. "विसरलो" वर रेघ मारली, ती वाकडी गेली. शेजारी दोन शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. हवालदार वाकून वाचत होते, आणि वाचून झाल्यावर त्यांनी पेन माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

विसरलो नव्हतो.

उद्या मला न्यायला येतील. राकेशचा पंच सोपानकडे दिला आहे.

तुझा
सावळेराम